चक्रवाक उन्हाळ्यात कुठे असतो? नांदूरमध्यमेश्वर ते त्सो मोरीरी

गोदाकाठ (धागाकर्ती)
१० ऑगस्ट, रात्री ९.४०

संक्रांतीच्या आसपासच्या एका रविवारी पहाटे बाबांना घेऊन नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीवर, चापडगावला जायचं, हा आमच्या घरचा वर्षानुवर्षांचा नेम. निफाडची ती थंडी ज्यांनी अंगावर घेतली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. मनोऱ्यावर उभं राहिलं की आधी नुसतं धुकं. मग आवाज येतो. मग धुकं विरळ होत जातं आणि भाजलेल्या विटेच्या रंगाचे ठिपके पाण्याच्या कडेला दिसायला लागतात. चक्रवाक. बाबा त्याला ब्राह्मणी बदक म्हणतात.

गेल्या वर्षी आम्ही चुकून एप्रिलमध्ये गेलो. पाण्यावर चक्रवाक एकही नाही. बाबांनी विचारलं, "आता कुठं असतील गं ते?" मी पाठ असलेलं उत्तर दिलं, लडाख, तिबेट, मंगोलिया, मध्य आशिया. ते म्हणाले, "ते ठाऊक आहे. पण तिथं राहतात कसे?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. म्हणून यंदा जूनच्या शेवटी मी आणि माझी एक मैत्रीण त्सो मोरीरीला जाऊन आलो. बाबांना एवढ्या उंचीवर जायला डॉक्टरांनी मनाई केली, त्यामुळे हा धागा मुळात त्यांच्यासाठी आहे. पण नाशिकच्या सगळ्याच पक्षीवेड्यांना त्यातलं काही उपयोगी पडेल असं वाटतं.

त्सो म्हणजे सरोवर. लडाखच्या आग्नेय भागात चांगथांग नावाचं उघडंबोडकं पठार आहे, त्यातल्या रुपशू भागात हे सरोवर येतं. लांबी २५ किलोमीटरहून जास्त, उंची साडेचार हजार मीटरच्या वर. आपला साल्हेर १५६७ मीटर. साल्हेरवर साल्हेर आणि त्यावर आणखी एक साल्हेर रचला, तर सर्वांत वरच्याच्या माथ्याजवळ हे पाणी लागेल. पश्चिमेला मेंतोक कांगरीची बर्फाची रांग. सरोवरात ओढे येऊन मिळतात, बाहेर एकही जात नाही. पाणी फक्त वाफ होऊन जातं, म्हणून किंचित खारं आहे. हिवाळ्यात सगळं गोठतं. २००२ मध्ये त्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, आपल्या नांदूरमध्यमेश्वरच्या १७ वर्षं आधी.

लेहहून उपशी, चुमाथांग, माहे पूल, सुमदो असं करत आम्ही काठावरच्या कोरझोक गावी पोहोचलो. पहिल्या संध्याकाळी डोकं इतकं जड होतं की दुर्बीण उचलवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या उतारावर बसलो. समोर मुरमाड जमीन, मधूनमधून खुरटं गवत आणि मार्मोटची बिळं. मार्मोट म्हणजे मांजरापेक्षा मोठी, लठ्ठ डोंगरी खार समजा. अशाच एका जुन्या बिळापासून थोडं दूर चक्रवाकाचा नर उभा होता. गळ्याभोवती बारीक काळी रेघ, म्हणजे विणीच्या हंगामातला नर. तासभर तो तिथून हलला नाही. पाणी तिथून चांगलं अर्धा किलोमीटर लांब. बदक आणि पाण्यापासून एवढं दूर कशाला उभं, हे काही केल्या कळेना.

मग त्याने आवाज दिला. तोच, चापडगावचा, नाकातून काढल्यासारखा "आँग, आँग". आणि बिळातून मादी बाहेर आली. तिच्यामागून एक पिल्लू, मग दुसरं. मी मोजत गेले, नऊ निघाली. काळ्यापांढऱ्या लोकरीच्या गुंड्या. बिळाच्या तोंडाशी क्षणभर घोळका झाला, मग मादी पुढे, नर मागे आणि मध्ये ती रांग, अशी वरात सरळ पाण्याच्या दिशेने उतरायला लागली. एक पिल्लू दगडाला अडलं, उलटं पडलं, पाय झाडत सरळ झालं आणि धावत रांगेत शिरलं. वर एक गरुड फिरत होता. नर दोनदा थांबला, मान तिरकी करून वर बघितलं. पाण्याला लागेपर्यंत वीसेक मिनिटं गेली असतील. तेवढा वेळ आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही.

चक्रवाक-चक्रवाकीची रात्री ताटातूट होते असं संस्कृत कवी सांगत आले. विणीच्या काळात मादी साधारण चार आठवडे बिळात एकटी अंडी उबवते आणि नर बाहेर उभा असतो. ताटातूट खरीच आहे, फक्त ती एका रात्रीची नाही.

त्सो कारबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते. तिथे जे पाहिलं ते सगळंच चांगलं नव्हतं.

---

कडवातीर
११ ऑगस्ट, सकाळी ६.१५

ताई, वाचताना अंगावर काटा आला. मी खानगाव थडीकडचा, घरची द्राक्षबाग आणि थोडा ऊस. आमच्या लहानपणापासून ही पाखरं बघतोय. संध्याकाळी थवे पाण्यावरून उठून हरभऱ्याच्या, गव्हाच्या वावरात उतरतात आणि उजाडायच्या आत परत. आजोबा म्हणायचे, पाहुणे आलेत, थोडं खातील. ती बिळात जन्मतात हे मात्र आज कळलं.

धरण इंग्रजांच्या काळातलं, १९०७ ते १९११ मध्ये बांधलेलं. गोदावरी आणि कडवा इथे एक होतात, गाळ साचत गेला आणि उथळ पाणी, बेटं, पाणगवत तयार झालं, म्हणून पक्षी आले. अभयारण्य १९८६ चं.

एक विचारायचं होतं. पट्टकादंब दिसले का? आमच्याकडे कमी येतात, जायकवाडीला जास्त. ते हिमालय ओलांडतात म्हणतात ते कसं काय?

---

मीनल_सिडको
११ ऑगस्ट, सकाळी १०.०२

सुंदर लिहिलंय. पिल्लू उलटं पडलं ते वाचून श्वास अडकला. आम्ही पुढच्या वर्षी मुलांना घेऊन जायचा विचार करतोय, वय ७ आणि ११. जमेल का?

---

सह्यभ्रमर
११ ऑगस्ट, दुपारी १.३०

@कडवातीर दादा, पट्टकादंबाचं उत्तर मी देतो, कारण हा पक्षी माझा जीव की प्राण.

पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, म्हणून पट्टकादंब. एव्हरेस्टच्या माथ्यावरून उडतात असं सगळीकडे वाचायला मिळतं. शास्त्रज्ञांनी त्यांच्या अंगावर यंत्रं बसवून जी नोंद केली, त्यात बहुतेक प्रवास ६००० मीटरच्या खाली झालेला दिसला, आणि सर्वांत उंच नोंद ७२९० मीटरच्या आसपासची. ते खिंडी-दऱ्या धरून जातात. तरी ७००० मीटरवर हवेतला प्राणवायू आपल्या नाशिकच्या निम्म्यापेक्षा कमी. तिथे माणसाला दहा पावलं चालणं जड जातं, आणि हा पक्षी पंख मारत चढत असतो. घारीसारखा तरंगत नाही, अखंड पंख मारतो.

जमतं ते रक्तामुळे. त्यांच्या हिमोग्लोबिनच्या घडणीत एक बारीक बदल आहे, त्यामुळे विरळ हवेतूनही ते प्राणवायू पटकन पकडतं. फुप्फुसं इतर बदकांपेक्षा मोठी, उडण्याच्या स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट. बरेचदा रात्री किंवा पहाटे उडतात, तेव्हा हवा थंड आणि दाट असते. २०१५ च्या एका अभ्यासात तर दिसलं की ते एकदा उंची गाठून सरळ रेषेत जात नाहीत. जमिनीच्या चढउताराबरोबर वर-खाली होत जातात. मिळवलेली उंची सोडून देणं वेडेपणाचं वाटतं, पण खालच्या दाट हवेत पंख मारायला कमी ताकद लागते, म्हणून एकूण हिशेब फायद्याचा ठरतो. डोंगरदऱ्यांतून भटकणाऱ्याला हे लगेच पटेल.

मंगोलियात गळ्यात खुणेचा पट्टा घातलेले पट्टकादंब दक्षिण भारतात दिसलेले आहेत. जायकवाडीला गेलात तर गळ्याकडे जरूर बघा. आकडे-अक्षरं दिसली तर लिहून घ्या.

---

वैद्यबुवा_नाशिकरोड
११ ऑगस्ट, दुपारी ४.१०

मीनलताई, मुलांना नेता येतं पण घाई नको. विमानाने लेहला उतरलात (३५०० मीटर) की किमान दोन-तीन दिवस तिथेच. कोरझोकला मुक्काम म्हणजे आणखी हजार मीटर वर झोपणं. डोकेदुखी, उलटी, मूल चिडचिडं किंवा सुस्त झालं, तर "सकाळी बघू" म्हणायचं नाही, त्याच वेळी खाली उतरायचं. गोळ्या आपल्या डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. मी तरी सात वर्षांच्या मुलाला त्सो मोरीरीच्या मुक्कामाला नेणार नाही, लेह आणि नुब्रापर्यंत ठेवीन.

---

गोदाकाठ
१२ ऑगस्ट, रात्री १०.२५

सगळ्यांचे आभार. सह्यभ्रमर, तुमचा प्रतिसाद बाबांना दोनदा वाचून दाखवला.

पट्टकादंब दिसले, भरपूर. सरोवराच्या उत्तर टोकाला दलदल आणि छोटी बेटं आहेत, तिथे त्यांची वसाहत असते. तपकिरी डोक्याचे कुरवही (गल) तिथलेच. आपण हिवाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर पाहतो ना, तेव्हा त्यांचं डोकं पांढरं आणि कानाशी फक्त एक ठिपका असतो. इथे सगळं डोकं चॉकलेटी. पहिले पाच मिनिटं मी ओळखलंच नाही.

आता त्सो कार. सुमदोहून पुगाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवरून, पोलोकोंगका ला ही खिंड ओलांडून तिथे उतरता येतं. 'कार' म्हणजे पांढरा. काठावर मिठाचा थर आहे, पूर्वी चांगपा, म्हणजे इथले भटके पशुपालक, इथलं मीठ नेऊन विकायचे. शेजारीच स्तार्तसापुक त्सो नावाचं गोड्या पाण्याचं छोटं सरोवर. दोन्ही मिळून २०२० मध्ये रामसर यादीत आली, नांदूरमध्यमेश्वरच्या पुढच्याच वर्षी. गोड्या पाण्याच्या कडेला शेंडीवाली मोठी टिबुकली घरटं करते. घरटं म्हणजे पाणवनस्पतींचा तरंगता ढीग, अर्धा कुजलेला. आमच्यापासून बऱ्याच अंतरावर एक माणूस काठाने चालत आला, तर त्या पक्ष्याने उठायच्या आधी चोचीने भराभर ओलं शेवाळ ओढून अंड्यांवर पांघरलं आणि मगच पाण्यात घसरला. पाच सेकंदात घरटं दिसेनासं झालं, नुसता कचऱ्याचा पुंजका. स्कोपमधून (तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून) हे बघताना माझे हात थरथरत होते.

आणि काळ्या मानेचा क्रौंच. जगातला एवढाच क्रौंच इतक्या उंचीवर वीण करतो. शास्त्राला तो १८७६ साली माहीत झाला, प्रझेवाल्स्की या रशियन प्रवाशाने आजच्या चीनमधल्या कोकोनोर सरोवराजवळ सापडलेल्या या पक्ष्याचं वर्णन प्रसिद्ध केलं तेव्हा. १९७६ मध्ये आपले पक्षीतज्ज्ञ सालिम अली याच पक्ष्याच्या शोधात लडाखला गेले होते, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर. आता तो लडाखचा राज्यपक्षी आहे. दलदलीच्या मधोमध जोडी दिसली, एक पिल्लू बरोबर. तांबूस-पिवळं, लांब पायांचं, आईच्या गुडघ्याएवढं.

हिशेब असा आहे. क्रौंच मार्च-एप्रिलमध्ये येतात. अंडी एक किंवा दोन. उबवायला महिनाभर. पिल्लाला उडता यायला आणखी साधारण तीन महिने. ऑक्टोबर संपता संपता पाणी गोठायला लागतं आणि निघावंच लागतं. यात दुसऱ्यांदा सुरुवात करायला वेळ उरत नाही. जुलैत पिल्लू गेलं की ते वर्ष गेलं.

आमच्यासमोर तीन कुत्री आली. रानटी नव्हेत, गळ्यात जुन्या दोरीचा तुकडा असलेलं एक होतं. रस्त्याकडच्या तंबूंच्या बाजूने आली आणि दलदलीत शिरली. नर क्रौंच पंख पसरून त्यांच्यावर धावला, मादी पिल्लाला घेऊन पाण्याकडे सरकली. एक कुत्रं वळसा घालून मागून आलं. आमच्या गाईडने ओरडत, दगड भिरकावत धाव घेतली, त्या विरळ हवेत, आणि कुत्री पांगली. परत येऊन तो जमिनीवर बसला, बराच वेळ बोलू शकला नाही. नंतर म्हणाला, "मागच्या वर्षी मी दुसऱ्या बाजूला होतो, त्या वेळी वाचवता नाही आलं."

ही कुत्री उरल्यासुरल्या अन्नावर जगतात. तंबू, ढाबे, छावण्या. उन्हाळ्यात आपण पर्यटक असतो तेव्हा पोट भरतं. आपण गेलो की भुकेली होतात आणि मार्मोट, ससे, मेंढ्या, पक्षी काहीही धरतात.

दुसरी गोष्ट लिहिताना मन खट्टू होतं. त्सो कारच्या मैदानात क्यांग दिसले, तिबेटी रानगाढवं, पाठ तांबूस, पोट पांढरंशुभ्र. पुढच्या एका गाडीने रस्ता सोडून त्यांच्या मागे गाडी घातली आणि आमचा चालकही पाठोपाठ उतरला. मी थांबायला सांगितलं, पण थांबेपर्यंत दोनेकशे मीटर गेलो होतो. उतरून मागे बघितलं तर वरचा पातळ थर फाटून दोन पांढरे पट्टे उमटलेले. तिथे पाऊस नगण्य, गवत उगवायला वर्षं लागतात. त्याच्या शेजारी जुने, तसेच पट्टे दिसत होते. कळप क्षितिजाकडे पळत होता, त्यात एक घोडी फार पोटुशी होती.

---

रानोमाळ
१३ ऑगस्ट, सकाळी ९.५०

ताई, मनापासून लिहिलंत. थोडी भर घालतो, आणि एका मुद्द्यावर थोडं वेगळं मत मांडतो.

कुत्र्यांबद्दल बोलताना चांगपांच्या राखणीच्या कुत्र्यांना त्यात ओढू नये. याकच्या केसांचे रेबो तंबू, पश्मिना देणाऱ्या शेळ्या, त्यांच्यावर लांडगा आणि हिमबिबट्या टपलेले. राखणीचं कुत्रं त्यांच्या घरातला माणूस असतो. क्यांगबद्दलही तिथल्या गुराख्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. कुरण तेवढंच, क्यांग आणि शेळ्या दोघांना तेच हवं. आपण गाडीतून "किती सुंदर" म्हणतो, त्यांचा चारा जातो.

तरी हीच माणसं काय करतात पाहा. लांडग्यांसाठी पूर्वी गावोगाव शांगडोंग बांधलेले असत. दगडी खड्डा, तळाला रुंद आणि तोंडाशी निमुळता, आत जिवंत शेळी. लांडगा उडी मारून आत जाई, भिंती आत झुकलेल्या असल्याने बाहेर येता येत नसे, मग वरून दगड. २०१८ मध्ये लडाखमधल्या चुशूल गावच्या लोकांनी आपले हे खड्डे बंद केले आणि तिथे स्तूप उभारला. शेळ्या आजही जातात, तरी त्यांनी हे केलं. आपल्याकडे बिबट्यावरून गावात काय वातावरण होतं ते आठवा, म्हणजे याची किंमत कळेल.

---

कडवातीर
१३ ऑगस्ट, दुपारी २.२०

दादा, बिबट्याचं आम्हाला नका सांगू. उसात बछडी सापडतात, वनखातं तिथेच ठेवून मादी येईपर्यंत पहारा देतं, तेव्हा आम्हीच रात्री जागतो. भीती असतेच, पोरं शाळेत जातात. पण बछडी उचलून नेली तर मादी चवताळते हे आता सगळ्यांना पटलंय.

कुत्र्यांचं ताईंनी लिहिलं ते जसंच्या तसं आमच्याकडे आहे. रविवारी पार्ट्या होतात, उरलेलं जेवण, कोंबडीची आतडी बांधावर टाकून जातात. सोमवारी कुत्री. उथळ पाण्यात बसलेल्या पाखरांमागे धावतात. थंडीत थवा चार वेळा उठवला तर त्याने खायचं कधी?

---

स्वरा_इंदिरानगर
१३ ऑगस्ट, रात्री ८.३०

हिमबिबट्या दिसला का ताई?

---

गोदाकाठ
१४ ऑगस्ट, सकाळी ७.०५

नाही स्वरा. उन्हाळ्यात तो उंच कड्यांवर असतो, दिसायचा तर थंडीत, हेमिसच्या बाजूला वगैरे. २०२४ च्या सरकारी अंदाजाप्रमाणे भारतात ७१८ आहेत, त्यातले ४७७ लडाखात. दिसला नाही याचं मला काही वाटलं नाही.

रानोमाळ, तुमचं बरोबर आहे. दोरीवालं कुत्रं राखणीचं नव्हतं, पण मी वाक्य सैल लिहिलं. कोरझोकच्या ज्या आजींकडे राहिलो त्यांचं कुत्रं रात्रभर मेंढवाड्यापासून हललं नाही.

त्यांच्याच अंगणासमोर घडलेलं अजून एक. पर्यटक मार्मोटला बिस्किटं देत होते, फोटोसाठी. आजी घरातून धावत आल्या आणि हातातलं बिस्किट काढून घेतलं. मार्मोट वर्षातले सहा-सात महिने बिळात झोपून काढतो, उन्हाळ्यात गवत खाऊन साठवलेल्या चरबीवर. आजींनी खुणेने दाखवलं, पोट फुगतं, मग झोप, मग उठत नाही. त्या पर्यटकांत मराठी बोलणारे होते म्हणून जास्त लागलं.

जाणाऱ्यांना एवढंच सांगेन. गाडी ठरवतानाच चालकाला सांगा की रस्ता सोडायचा नाही, पैसे आपण देतो, तो ऐकतो. आम्ही आधी सांगितलं नव्हतं. उरलेलं अन्न आणि प्लास्टिक बांधून लेहला परत आणा. आणि मोठा स्कोप न्या, म्हणजे जवळ जावं लागत नाही.

कडवातीर दादा, रविवारच्या पार्ट्यांचं काय करता येईल? मी आणि आमच्या ग्रुपमधले चारपाच जण डिसेंबर-जानेवारीत रविवारी दुपारी तिथे थांबायला तयार आहोत. भांडायला नाही, नुसतं कचऱ्याची पोती घेऊन.

---

कडवातीर
१४ ऑगस्ट, रात्री ९.००

या ताई. पोती माझ्याकडची. ग्रामपंचायतीत मी बोलतो, गाईड पोरंही येतील. जेवण आमच्या घरी. बाबांना आणाच.

---

सह्यभ्रमर
१५ ऑगस्ट, सकाळी ११.४०

माझं नाव लिहा. दोन जण आणतो.

---

मीनल_सिडको
१५ ऑगस्ट, दुपारी १२.१५

आम्ही चौघं. लडाख दोन वर्षांनी, आधी चापडगाव.

---

कडवातीर
२ नोव्हेंबर, सायंकाळी ७.३५

ताई, धागा वर काढतोय. आज दिवस मावळताना कडवेच्या बाजूला आवाज आला. सात होते. उतरले, पाणी प्यायले आणि मान पंखात घालून लगेच झोपले, चरायलासुद्धा उठले नाहीत. अंधार पडत होता, यंदाची पिल्लं कोणती ते ओळखता आलं नाही. बाबांना सांगा.